नाव कुठं घालायचं?

वाचक विचारतात, सिस्टर सांगतात

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. माझं वय २६. सासर उचगाव, माहेर प्रयाग चिखली. पहिलंच बाळंतपण आहे, तारीख १० ऑगस्टची दिलीय. नवरा गोकुळ शिरगावला फाउंड्रीत आहे. मी साड्यांच्या दुकानात होते, पाय सुजायला लागले तसं सोडलं. बीपी बरं आहे म्हणतात, रक्त ९.२ आलंय, सोनोग्राफीत बाळ व्यवस्थित आहे.

घरात महिनाभर एकच विषय चाललाय, बाळंतपणासाठी नाव कुठल्या दवाखान्यात घालायचं. सासूबाई म्हणतात, आमच्यात आजवर कुणी सरकारीत बाळंत झालेली नाही. त्यांनी सांगितलेल्या दवाखान्यात नॉर्मलला ४० हजार आणि सिझर झालं तर ८५ हजार सांगितले. दोन वर्षांपूर्वी जाऊबाईंचं तिथंच सिझर झालं, बाळ तीन दिवस पेटीत होतं, बिल सव्वा लाखावर गेलं. शेजारची वहिनी सरकारीत बाळंत झाली. तिला एक रुपया लागला नाही, पण आत इतकं घालूनपाडून बोलले की परत तिथं पाय ठेवणार नाही म्हणते. माझी आई म्हणते, बोरमाळ मोडते पण तुला तिथं टाकणार नाही. नवरा म्हणतो, तू म्हणशील तिथं.

मला रात्रीची झोप लागत नाही. तुम्ही दोन्हीकडचं बघितलंय म्हणून तुम्हाला विचारते. आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायचं की नाही, तेही सांगा.
– स., उचगाव

उत्तर : पोरी, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेतली आणि एका आकड्याखाली रेघ मारली. ९.२. सासूबाई काय म्हणाल्या, जाऊबाईंचं बिल किती झालं, वहिनीला कोण काय बोललं, सगळं तू लिहिलंस. या आकड्यावर मात्र तुझ्या घरात कुणी एक शब्द बोललेलं दिसत नाही. मी तिथूनच सुरुवात करते.

गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात. १० च्या खाली पण ७ च्या वर असलं तर मध्यम. तू त्यात बसतेस. बाळंत होताना थोडंफार रक्त सगळ्यांचंच जातं, अर्ध्या लिटरच्या वर गेलं की आमची धावपळ सुरू होते. अंगात १२ असलेली बाई तेवढं सोसून चहा मागते. ९ वाली तेवढ्यातच पांढरीफटक पडते. त्यामुळं तुझ्यापुरतं बोलायचं तर खोलीत एसी आहे का, यापेक्षा रक्त किती मिनिटांत हाताशी येईल हे आधी बघायला पाहिजे.

मी ३१ वर्षं लेबर रूममध्ये काढली. पहिली चार खासगी नर्सिंग होममध्ये, पुढची सगळी सरकारी नोकरीत. त्यातली एक रात्र तुला सांगते. पावसाळा होता. अडीचच्या सुमाराला दारात रिक्षा थांबली. मागच्या सीटवर एक बाई आडवी, डोकं सासूच्या मांडीवर, आणि सासूनं स्वतःच्या लुगड्याचा पदर फाडून तिच्या मांड्यांत कोंबलेला. हातात चार ओळींची चिठ्ठी. एका छोट्या नर्सिंग होममध्ये ती बारा वाजता बाळंत झाली होती. नॉर्मल, मुलगी, टाके दोनच. डॉक्टर हात धुऊन घरी गेले. खाली उरली ती एकोणीस वर्षांची मुलगी, नर्सिंगच्या कुठल्याही शाळेत न गेलेली. तिला पॅड बदलायला शिकवलं होतं, गर्भाची पिशवी चाचपायला कुणी शिकवलं नव्हतं.

बाळंत झाल्यावर बेंबीच्या खाली पोटावर हात ठेवला की पिशवी कवठासारखी टणक लागली पाहिजे. भिजवलेल्या कणकेसारखी मऊ लागली, तर ती आवळलेली नाही आणि रक्त सुटलंय किंवा सुटणार आहे. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी हा हात ठेवायचा असतो. त्या रात्री आम्ही तिला टेबलावर घेतलं, मी पिशवी चोळत उभी राहिले, डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, वॉर्डबॉय रक्ताला पळाला. चार पिशव्या रक्त लागलं. वाचली. सकाळी सासूबाई मला म्हणाल्या, "बाई, तिथली खोली लई चांगली होती हो." ते वाक्य मी अजून विसरले नाही.

म्हणून नाव घालायच्या आधी, दवाखाना कुठलाही असो, नवऱ्याला बरोबर घेऊन जा आणि विचार. रात्री दोन वाजता इथं कोण असतं? डॉक्टर वरच्या मजल्यावर राहतात की गावाच्या दुसऱ्या टोकाला? रात्रीची सिस्टर शिकलेली आहे का, म्हणजे एएनएम किंवा जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स केलेली? भूल देणारे डॉक्टर बाहेरून येतात (बहुतेक छोट्या दवाखान्यांत बाहेरूनच येतात, त्यात वावगं काही नाही), मग त्यांना यायला किती वेळ लागतो? रक्त कुठल्या रक्तपेढीतून येतं, आणायला कोण जातं? बाळ रडलं नाही तर बालरोगतज्ज्ञ कोण आणि पेटी कुठं? चांगल्या डॉक्टरला हे प्रश्न विचारल्याचा राग येत नाही. मी ज्यांच्याकडं चार वर्षं होते त्या बाई स्वतःहून पेशंटला हे सगळं सांगायच्या, आणि रक्त कमी असलेल्या बाईला "माझ्याकडं नको, मोठ्या दवाखान्यात जा" असंही तोंडावर सांगायच्या. असे डॉक्टर कोल्हापुरात आजही आहेत.

पैशाचं विचारताना पॅकेजमध्ये काय आहे ते तुला सांगतीलच, काय नाही ते तू विचार. भूलतज्ज्ञांची फी, बालरोगतज्ज्ञांची व्हिजिट, औषधं, रक्त, आणि बाळ पेटीत ठेवावं लागलं तर दिवसाचे किती. जाऊबाईंचं ८५ चं सव्वा लाख झालं ते बहुतेक या पेटीच्या तीन दिवसांत झालं असणार. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार राज्यातल्या खासगी दवाखान्यांनी दरपत्रक दर्शनी जागेत लावायचं आहे. ते भिंतीवर बघ. नसलं तर काउंटरवर माग.

आता सरकारीचं. १ जून २०११ पासून देशभर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण नॉर्मल असो की सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, नॉर्मलला ३ दिवस आणि सिझरला ७ दिवसांपर्यंत जेवण, आणायला आणि घरी सोडायला गाडी, यातल्या कशाचेही पैसे घेता येत नाहीत. बाळ आजारी पडलं तर त्याचे उपचारही यातच येतात. तो तुझा हक्क आहे, त्यासाठी कुणापुढं मान खाली घालायची गरज नाही. सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे, हे कोल्हापुरातलं सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय. रात्री डॉक्टर ड्यूटीवर, थिएटर चालू, रक्तपेढी आणि नवजात बाळांचा विभाग एकाच आवारात. अवघड बाळंतपणाला जिल्ह्यातून आणि शेजारच्या कोकणातूनसुद्धा बायका तिथं येतात, त्या याचसाठी. साध्या बाळंतपणाला महापालिकेची सावित्रीबाई फुले आणि पंचगंगा रुग्णालयं आहेत, कसबा बावड्याचं सेवा रुग्णालय आहे. सगळे सीपीआरकडं धावतात आणि मग गर्दी झाली म्हणून बोटं मोडतात.

वहिनीला जे बोललं गेलं ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. मी दुसऱ्या जिल्ह्यात बदलीवर असताना एक पहिलटकरीण कळांनी ओरडत होती. माझ्याबरोबरच्या सिस्टरनं तिला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी तिथंच उभी होते आणि काही बोलले नाही. त्या रात्री आम्हा दोघींवर अकरा बायका होत्या, पण ते कारण मला आज पुरेसं वाटत नाही. पहाटे ती बाळंत झाली, मी तिचे टाके पुसत होते, तर तीच मला हळूच म्हणाली, "सिस्टर, मी लई ओरडले काय?" ती माझी माफी मागत होती. त्यानंतर माझ्या ड्यूटीत कुणी बाईला असं बोललं तर मी गप्प बसले नाही. पण एका सिस्टरनं ठरवून सगळीकडचं बदलत नाही, हेही तुला खरं सांगते.

त्यावर एक उपाय आहे. कळा देताना बाईजवळ तिच्या माणसातली एक बाई असावी, अशी केंद्र सरकारची २०१६ पासूनची सूचना आहे. स्वतः बाळंतपण सोसलेली बाई असावी असं त्यात म्हटलंय. ओपीडीतच विचारून ठेव, "माझ्याबरोबर आई आत येऊ शकेल का?" एका खोलीत चार टेबलं असली तर बाकीच्या बायकांच्या आब्रूसाठी अडवतात, पण आधी विचारलेलं असलं की पुष्कळदा वाट निघते. जवळ आपलं माणूस उभं असलं की बोलणाऱ्याचीही जीभ आवरते, हे मी कितीदा तरी बघितलंय. आणि मुलगा झाला म्हणून कुणी पेढ्याचे पैसे मागितले तर द्यायचे नाहीत. मुलगी झाली म्हणून तर अजिबात नाही. नाव बघून ठेवायचं आणि वैद्यकीय अधीक्षकांकडं लेखी द्यायचं.

सिझरचं म्हणशील, तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात खासगीतल्या शंभर बाळंतपणांतली ४७ सिझरनं झाली, सरकारीतली १४. जाऊबाईंचं सिझर गरजेचं होतं की नव्हतं हे इथं बसून मी सांगणार नाही, कुणी सांगूही नये. पण एवढा फरक का पडतो हे मी आतून बघितलंय. पहिलटकरणीला बारा-पंधरा तास कळा लागतात. खासगीत डॉक्टर एकच, सकाळी त्यांची ओपीडी भरलेली, आणि रात्री तीन वाजता बाहेरून नातेवाईक दार वाजवतात, "डॉक्टर, तिचं बघवत नाही, काढून टाका." सरकारीत पाळी बदलते, नवीन डॉक्टर येतात, वाट बघणं जमतं. उलट बाजूही आहे. सरकारीत तुझ्या आधी झटके आलेली बाई थिएटरवर असली तर तुझं सिझर तासभर पुढं जाऊ शकतं. सिझर ठरलंच तर कारण विचार. ठोके कमी झाले, बाळानं पोटात शी केली, पिशवीचं तोंड उघडायचं थांबलं, यांतलं काय ते तुला कळेल अशा शब्दांत सांगितलं पाहिजे. कारण सांगितल्यावर मात्र वेळ घालवू नको.

माहेराचं आता. प्रयाग चिखली आणि १० ऑगस्ट हे दोन्ही शब्द एका पत्रात वाचून माझ्या पोटात गोळा आला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला आली की तुमच्याकडं सामान माडीवर चढतं, ४३ ला धोका. २०१९ चा पूर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आला, २०२१ चा जुलैच्या शेवटी. तुझी तारीख त्याच दिवसांच्या तोंडावर आहे. पाणी आल्यावर बोटीतून गरोदर बायकांना आधी काढतात हे खरं, पण कळा सुरू असताना बोटीत बसायची पाळी कशाला आणायची? तुझे ३७ आठवडे २० जुलैला भरतात. त्याच्या आधीपासून तू उचगावातच राहायचं आणि आईनं तुझ्याकडं यायचं. सासूबाईंना हे मी सांगितलंय म्हणून सांग. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतविडा, सगळं आईनं उचगावात करावं. फक्त शेगडीचा धूर दार लावलेल्या खोलीत नको, बाळाच्या छातीला सोसत नाही. पाणी उतरलं, चिखल धुऊन झाला की सव्वा महिना खुशाल माहेरी काढ.

आता नाव कुठं घालायचं ते. माझ्या थोरल्या लेकीचं नाव आम्ही खासगीत घातलं होतं. तिची तशी इच्छा होती आणि पैसे शिल्लक होते. तरी तिसऱ्या महिन्यात मी तिला सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीतही नेऊन केस पेपर काढला. ती चिडली होती, "आई, दोन-दोन ठिकाणी कशाला?" आठव्या महिन्यात बीपी १६० वर गेलं, लघवीत प्रोटीन आलं. तिच्या डॉक्टरांनी एक तास वाया न घालवता स्वतः फोन करून मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवलं. तिथं फाईल होती, रक्तगट होता, जुने रिपोर्ट होते. नातू १ किलो ७०० ग्रॅमचा झाला, सोळा दिवस पेटीत होता. तेव्हा ती फाईल नसती तर पहिला अर्धा तास विचारपूस आणि तपासण्यांतच गेला असता.

तूही नाव दोन्हीकडं घाल. या आठवड्यातच सीपीआरला जाऊन केस पेपर काढ. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. येत्या ९ ला तुमच्या आशाताईंबरोबर जा आणि ९.२ वरच बोल. लोहाच्या गोळ्या रोज दोन घ्याव्या लागतील, तसं डॉक्टर लिहून देतील. त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत. चहाच्या आधी-नंतर तासभर सोडून, लिंबू-पाण्याबरोबर घे. संडासला काळी होईल, घाबरू नको. गोळ्या सोसत नसल्या किंवा महिन्याभरात आकडा हललाच नाही, तर लोहाचं इंजेक्शन सलाईनमधून देतात, ते माग. नुसतं बीट खाऊन ९ चं ११ होत नाही, कुणी काहीही सांगू दे.

३६ आठवड्यांना, म्हणजे जुलैच्या मध्यावर, परत रक्त तपास. ११ च्या पुढं गेलं, बीपी चांगलं, बाळाचं डोकं खाली, आणि त्या खासगी दवाखान्यानं माझ्या प्रश्नांची नीट उत्तरं दिली, तर तिथं हो. सासूबाईंचंही मन राहील. १० च्या खालीच राहिलं तर मागंपुढं न बघता सीपीआर. १० आणि ११ च्या मध्ये अडकलं तरी माझं मत सीपीआरच.

आणि बोरमाळ मोडायची नाही. खासगी करायचं तर घरात असलेल्या पैशांत, नाहीतर नाही. सोनं मोडून किंवा बचत गटातून उचलून केलेल्या बाळंतपणाचे हप्ते बाळ वर्षाचं होईपर्यंत फिटत नाहीत, आणि त्या वर्षात तुझ्या ताटातलं दूध-अंडं पहिल्यांदा बंद होतं. ते मी घरोघरी जाऊन बघितलंय. नवऱ्याचा पगार २१ हजारांच्या आत असेल आणि ईएसआय (कामगार विमा) कापत असतील, तर त्याच्या कार्डावर तुलाही उपचार मिळतात. त्यानं कंपनीत विचारावं. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाला ५ हजार मिळतात, दोन हप्त्यांत, ३ आणि २. त्याला बाळंतपण कुठं झालं याची अट नाही. तुझी नोंद झालीय का, आशाताईंना आजच विचार. शेवटचे २ हजार बाळाचा जन्मदाखला आणि पहिल्या लसी झाल्यावर येतात.

पाय सुजलेत म्हणालीस. संध्याकाळी सुजून सकाळी उतरत असतील तर चालतं. तोंडावर, बोटांवर सूज आली, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यापुढं काजवे चमकले, अंगावर लाल गेलं, पाणी गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर त्याच क्षणी निघायचं, सकाळची वाट बघायची नाही. १०२ किंवा १०८ ला फोन कर. पिशवीत फाईल, माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, जुने मऊ सुती कपडे आणि हात धरायला आई.

नवरा "तू म्हणशील तिथं" म्हणतो, हे तुझं नशीब चांगलं. मग म्हण. मनात ठरव आणि घरात सगळ्यांसमोर एकदा स्पष्ट सांग. झोप लागेल.

प्रश्न : सुनेचं बाळ पायाळू आहे, त्यामुळं सिझर ठरलंय. गुरुजींनी फार चांगला मुहूर्त काढून दिलाय, पण तो ३७ आठवड्यांना येतो. डॉक्टर ३९ नंतर म्हणतात. दुसरीकडं विचारलं तर एक दवाखाना तयार आहे. काय करावं?
– एक सासू, राजारामपुरी

उत्तर : वहिनी, तुम्ही नातवाच्या भल्यासाठीच विचारताय, म्हणून मोकळेपणानं सांगते. डॉक्टर बदलू नका. ज्यांनी तुम्हाला नाही म्हटलं तेच तुमच्या सुनेचे खरे डॉक्टर. शेवटच्या दोन आठवड्यांत बाळाची फुप्फुसं कोरडा श्वास घ्यायला तयार होतात. कळा सुरू व्हायच्या आधीच लवकर सिझर केलं की धापा टाकणारी, नाकपुड्या फुलवणारी बाळं मी पेटीत ठेवलीत. त्यांतल्या दोघांचे जन्म तुमच्यासारख्याच चांगल्या मुहूर्तावर झाले होते, आणि त्यांच्या आया तीन-तीन दिवस बाळाला छातीशी घेऊ शकल्या नाहीत. मुहूर्त हवाच असेल तर ३९ आठवडे भरल्यानंतर डॉक्टर जे चार-पाच दिवस देतील त्यांत गुरुजींना शोधायला सांगा, आणि सकाळची वेळ घ्या, सगळा स्टाफ असतो. त्याआधी कळा आल्या किंवा पाणी गेलं तर मात्र पंचांग मिटून तडक दवाखाना. पायाळू बाळात पाणी गेलं की नाळ खाली यायची भीती असते.

प्रश्न : आम्ही राधानगरी तालुक्यात वाडीवर राहतो. लेकीचं दुसरं बाळंतपण आहे. पहिलं नॉर्मल झालं होतं, रक्त ११.४, बाकी सगळं ठीक. आशाताई म्हणतात प्राथमिक आरोग्य केंद्रातच करा. जावई म्हणतात कोल्हापूरला चांगल्या खासगीत करू, पाच-सहा दिवस आधी येऊन राहा. तिकडं आमचं कुणी नाही.
– एक आई, राधानगरी

उत्तर : तुमच्या लेकीसाठी मी आशाताईंच्या बाजूनं आहे. दुसरं बाळंतपण पटकन होतं. पहिलीला बारा तास लागले तर दुसरीला चार-पाच. कळा सुरू झाल्यावर पावसातून कोल्हापूर गाठायला निघालात तर बाळ गाडीतच व्हायचं. पाच-सहा दिवस लॉजवर राहायचं म्हटलं तर तारीख काय सांगून येत नाही, पंधरा दिवससुद्धा पुढंमागं होतं.

पण केंद्रात स्वतः एकदा जाऊन या. मेडिकल ऑफिसर आणि सिस्टर तिथं मुक्कामाला राहतात का बघा, नुसती पाटी बघू नका. रात्री वीज गेली तर काय, हे विचारा. बाळाला श्वास द्यायची पिशवी आणि ऑक्सिजन दाखवा म्हणा. सिस्टर कौतुकानं दाखवतील. गेल्या महिन्यात किती बाळंतपणं झाली तेही विचारा. महिन्याला आठ-दहा होत असतील तर हात सरावाचे आहेत. कधीमधी एखादंच होत असेल तर ग्रामीण रुग्णालय बघा. तपासणीत काही बदललं, बीपी वाढलं, बाळ आडवं झालं, रक्त १० च्या खाली गेलं, तर मग जावयांचं ऐका आणि आधीच कोल्हापूरला या. तेव्हाही सीपीआरला एक केस पेपर काढून ठेवा.

आणि पावसाळ्यात वाडीपर्यंत गाडी येत नसेल, तर डांबरी सडकेपर्यंत तिला कोण आणणार, हे आत्ताच ठरवा. दोन घरची चार माणसं, एक खुर्ची, दोन बॅटऱ्या. त्या माणसांचे फोन नंबर आणि १०२, १०८ हे आकडे दाराच्या आतल्या बाजूला खडूनं मोठे लिहून ठेवा, पोराटोरांनाही वाचता येतील एवढे.